शुक्रा धांगडा याची सप्तपदी

शुक्रा धांगडा याने आयुष्यात कधी सप्तपदी पाहिलेली नाही. होम पाहिला असेल तो दुसऱ्यांच्या बंगल्याच्या वास्तुशांतीत, तोही मांडवाबाहेर उभे राहून. तरीही त्याने अग्नीभोवती सात पावले टाकली, असे तालुक्याच्या न्यायालयातील एका प्रतिज्ञापत्रात शपथेवर नमूद आहे आणि खाली त्याच्याच डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. न टाकलेल्या या पावलांपायी त्याला सात वर्षांपर्यंतचा तुरुंगवास होऊ शकत होता. आरोप होता, पहिली पत्नी हयात असताना दुसरा विवाह केल्याचा.

शुक्रा रानशेतच्या एका पाड्यावरचा. कागदोपत्री वय अडतीस. खरे वय त्याच्या आईला ठाऊक होते आणि ती गेली. आमच्या चिकूच्या वाडीत तो वीस वर्षे काम करीत आला. फळावरची तपकिरी भुकटी बोटाने जराशी पुसून, खाली हिरवे दिसते की पिवळे एवढे पाहून तो फळ उतरवायचे की राहू द्यायचे ते ठरवतो, आणि त्याचा निर्णय चुकलेला मी पाहिलेला नाही. पण हाच माणूस हातात पेन असलेल्या कोणाहीसमोर उभा राहिला की त्याच्या तोंडून एकच शब्द निघतो, ‘बरं’. तलाठी, कंपाउंडर, मतदार यादीवाला, मी, साऱ्यांना ‘बरं’. आपल्याकडचे शहाणे लोक याला आदिवासींचा गोड स्वभाव म्हणतात. मला तो शब्द ऐकवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ‘नाही’ म्हटल्यावर मार बसला, त्यांचा तो शब्द आहे.

काळी त्याच्या घरी दोन हजार आठ साली आली. ‘आली’ हाच शब्द बरोबर आहे. वारल्यांच्या पाड्यांवर घर आधी मांडले जाते आणि लग्न मागाहून, जेव्हा कणगीत भात असेल, नातलग जमतील आणि मांडवाचा खर्च झेपेल तेव्हा. काहींचे लग्न पाच वर्षांनी लागते, काहींचे मुलाच्या मांडवातच मुलाबरोबर. तोवर ती बाई त्याची बायको नाही असे पाड्यावर कोणी मानीत नाही. आम्ही किनाऱ्यावरचे वाडीवाले या गोष्टीवर वर्षानुवर्षे हसत आलो. मीही हसलो आहे. माझ्या नावापुढे दोन पदव्या आहेत, त्यामुळे मी थोडे अधिक हसलो.

शुक्रा आणि काळी यांचे लग्न कधी लागलेच नाही. मूल झाले नाही, कुरबुरी वाढल्या, आणि नवव्या वर्षी काळी तलासरीकडच्या माहेरी गेली ती तिथेच राहिली. पंच बसले. शहरात वर्तमानपत्रेही काडीमोड हा शब्द वापरतात. इथे काडी खरोखर मोडतात. गवताची वाळकी काडी मधोमध मोडून अर्धी त्याच्या हातात, अर्धी तिच्या. काळीने आपली भांडी आणि दोन शेळ्या घेतल्या. मग सगळे एका पंगतीत भात जेवले. दुपारी बसलेले पंच उन्हे कलायच्या आत उठले. माझ्या ओळखीतल्या एका प्राध्यापकांचा घटस्फोट अकरा वर्षे चालू आहे. त्यात अजून सोफ्याचा निकाल लागलेला नाही.

वर्षभराने शुक्राने योगिताशी लग्न करायचे ठरवले. योगिताचा बाप हट्टी. त्याला लग्न आधी हवे होते. शुक्रा मला बोलावणे करायला आला आणि मी शिक्षकाच्या आवाजात त्याला म्हणालो, “अरे, गवताची काडी कोर्टात चालत नाही. आधी कागद कर.”

“बरं,” तो म्हणाला.

जतीन वकील माझाच विद्यार्थी. शाळेत असताना हा मुलगा निबंध पाठ करून येई. विषय ‘माझी आई’ असो वा ‘पावसाळ्यातील एक दिवस’, दुसऱ्या परिच्छेदात तेच सूर्योदयाचे वर्णन. मी त्याला प्रत्येक वेळी उत्तीर्ण केले. समाजाने माझ्या या औदार्याची फळे भोगली, ती भोगणाऱ्यांतला पहिला नव्हे पण मला ठाऊक असलेला पहिला शुक्रा.

जतीनच्या कार्यालयात थंड हवेचे यंत्र आहे, न्यायदेवतेची पितळी मूर्ती आहे आणि एकही पुस्तक उघडल्याची खूण नाही. त्याने संगणकावर कुणा बोर्डीच्या जोडप्याची जुनी याचिका उघडली आणि नावे बदलायला घेतली.

“लग्न कधी झालं?”

शुक्राने माझ्याकडे पाहिले. “लगीन नाय झालं, साहेब. घरात आली.”

जतीन हसला. “सर, हे लोक असंच बोलतात. मे महिना टाकतो. लग्नं मेमध्येच असतात.”

“पण तो म्हणतो आहे की...”

“सर, घटस्फोट मागायचा म्हणजे लग्न दाखवायला नको? लग्नाशिवाय घटस्फोट कसा देणार?” मग शुक्राकडे वळून, “काय शुक्रा, ठीक आहे ना?”

“बरं.”

अशा रीतीने वैदिक पद्धतीने, अग्नी व ब्राह्मण यांच्या साक्षीने, वधूपित्याने कन्यादान करून विवाह झाला. काळीचा बाप ती पाळण्यात असतानाच वारला होता. प्रतिज्ञापत्राच्या त्या मसुद्यातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी जागच्या जागी दुरुस्त करून दिल्या. सप्तपदीवर माझे पेन थांबले नाही. शुक्राने अंगठा दिला.

“आता लग्न करू द्यायचं का याला?” मी विचारले.

“करा, करा. ही फॉर्मॅलिटी आहे. समोरची बाई येणारच नाही.”

लग्न लागले. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला गेला, आणि लाडकीने, म्हणजे त्या पाड्यांवर लग्न लावणाऱ्या धवलेरीने, रात्रभर गाऊन ते लावले. वारल्यांत लग्न लावायला भटजी लागत नाही, बाई लागते. मी जेवायला गेलो होतो आणि कागदाचे काम आपण किती दूरदृष्टीने करून ठेवले आहे, याचे मला समाधान वाटत होते.

दोन हजार एकवीस साली ती याचिका फेटाळली गेली. न्यायाधीशांनी पहिल्या पानातच लिहिले होते की, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही; त्यांचा विवाह आणि विच्छेद त्यांच्या रूढीप्रमाणे. थोडक्यात, जे पंचांनी एका दुपारी केले होते तेच काम योग्य वाटेने झाले होते. ही तरतूद कायद्याच्या दुसऱ्याच कलमात आहे. पुस्तक उघडणाऱ्याला ती पहिल्या मिनिटात भेटते. जतीनला ती तीन वर्षांत भेटली नव्हती.

“टेक्निकल आहे, सर,” तो म्हणाला.

टेक्निकल गोष्टीला पाय फुटले ते तलासरीकडे. काळी तिकडे पांड्या नावाच्या विधुराच्या घरी नांदत होती. नव्या घरच्या शिधापत्रिकेत नाव घालायचे तर जुन्या घरच्या पत्रिकेतून ते कमी झाले पाहिजे. कुठल्याशा कारकुनाने तिला घटस्फोटाचा आदेश मागितला. तिने काडीचे सांगितले. तो हसला असेल. हसण्याचे काम आम्ही सुशिक्षित सर्वत्र सारखेच करतो. कोर्टात अर्ज पडला होता आणि तो फेटाळला गेला, हे कळल्यावर त्याने निर्णय दिला, “म्हणजे तू अजून त्याचीच बायको.” मग ती एका वकिलाकडे गेली. त्याने ती कुणाकडे राहते हे विचारले नाही. शुक्राने दुसरे लग्न केले का, एवढेच विचारले. नाव कमी करण्याचा अर्ज म्हणून काळीने ज्यावर अंगठा दिला ती दुसऱ्या विवाहाची फौजदारी फिर्याद होती. सोबत पुरावा म्हणून जोडले होते जतीनने लिहिलेले आणि मी तपासलेले प्रतिज्ञापत्र. पहिला विवाह विधिवत झाल्याचे आरोपी स्वतःच शपथेवर सांगतो आहे. आणखी काय हवे?

पहिल्या तारखेला मी गेलो. फिर्यादी आणि आरोपी डहाणूच्या स्टँडवर भेटून एकाच रिक्षातून आले. कोर्टाच्या आवारात एकमेकांशेजारी उकिडवे बसले.

“काय रे, तुला आत टाकणार म्हनतात,” काळी म्हणाली.

“तूच टाकतेस ना.”

“मी कशाला टाकू? मी कार्डासाठी आले. तुझा वकील बघ, कोट घालून कावळा.”

“तुझा काय बगळा हाय?”

दोघे हसले. मग शुक्राने विचारले, “ती काळी शेळी हाय का अजून?”

“व्याली. दोन पिल्लं.”

काळीने आपल्या वकिलाला माझ्यादेखत सांगितले की हे काढून टाका, मला भांडायचे नाही. तो म्हणाला, “आता काढलंस तर खोटी केस केली म्हणून तुलाच आत टाकतील.” हे धादांत खोटे होते. या गुन्ह्यात पत्नी न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करू शकते, हे मला पुढे कळले. पण काळी घाबरली आणि फिर्याद तशीच राहिली. अशिलाला घाबरवणे हा ज्यांच्या ज्ञानाचा आरंभ आणि शेवट असतो, त्यांच्या गाडीवरही वकिलीचे चिन्ह मोठ्या दिमाखात चिकटवलेले असते.

तारखा पडत गेल्या. शुक्रा एका तारखेला आजारी पडून गैरहजर राहिला तर वॉरंट निघाले आणि त्याने सहा दिवस कोठडीत काढले. जामिनावर सुटल्यावर आठवडाभर तो झाडावर चढू शकला नाही. पायांत बळ नव्हते. योगिताला तेव्हा सातवा महिना होता.

त्यानंतर जतीनने आपला उपाय सांगितला. आम्ही सगळे आवारातल्या बाकापाशी होतो.

“गुन्हा कबूल करायचा. साहेबांचा मूड चांगला असला की मी सांगतो. दया दाखवतील, थोडक्यात सुटेल.”

“आणि नाही दाखवली तर?” मी विचारले.

“सर, प्रतिज्ञापत्र आहे ना त्याचं. त्याला काय उत्तर देणार आपण?”

ते प्रतिज्ञापत्र कुणी लिहिले, हे त्याच्या चेहऱ्यावर कुठेही उमटले नाही. शुक्रा ‘बरं’ म्हणण्यासाठी तोंड उघडतच होता, तोच योगिता म्हणाली, “वकीलसाहेब, तुम्ही पयले जाऊन आत बसा. जागा बरी असली तर हा पाठून येईल.”

आजूबाजूचे चार जण हसले. जतीनने घड्याळ पाहिले आणि निघून गेला. पुढचे काम योगिताने केले, मी नव्हे. गरिबांना सरकारतर्फे मोफत वकील मिळतो, हे तिने पाड्यावरच्या बायकांच्या बैठकीत ऐकले होते. दोन पदव्यांच्या माझ्या डोक्यात ते एकदाही आले नव्हते. गरोदर बाई कोर्टाच्या तीन खोल्यांतून विचारत फिरली आणि अर्ज भरून आली.

नेमणूक झाली ती शीतलची. सायवनची, आदिवासीच, वकिली सुरू करून चार वर्षे झालेली मुलगी. काळा कोट खांद्यावर किंचित मोठा. मी मनात म्हटले, फुकटचे ते असेच असणार. तिने प्रतिज्ञापत्र वाचले, पुन्हा वाचले, आणि माझ्याकडे पाहिले.

“सर, हे तुम्ही वाचलं होतं?”

“हो.”

“सप्तपदी?”

मी शाळेत अनेकांना असे गप्प बसवले आहे. त्या दिवशी ते कसे वाटते ते कळले.

तिने समजावून सांगितले ते असे. दुसऱ्या विवाहाच्या गुन्ह्यात आरोपीच्या कबुलीवरून पहिला विवाह सिद्ध होत नाही. लग्न लागले, आवश्यक ते विधी झाले, हे फिर्यादी पक्षाला स्वतंत्र पुराव्याने दाखवावे लागते. “त्याने शंभर कागदांवर अंगठा दिला असता तरी,” ती म्हणाली. “कोर्टात उभं राहून गुन्हाच कबूल केला असता तर मात्र संपलं होतं. आता सांगा, तुमच्या पाड्यांवर लग्नं कोण लावतं?”

“लाडकी आजी,” शुक्रा म्हणाला.

लाडकीच्या साक्षीच्या दिवशी जतीन पाठीमागच्या बाकावर येऊन बसला होता. बाकाकडे जाताना माझ्या कानाशी लागून म्हणाला होता, “सर, ती अडाणी बाई काय सांगणार?” लाडकी सत्तरीची. पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून ती उभी राहिली आणि दंडाधिकाऱ्यांकडे एखाद्या जावयाकडे पाहावे तशी पाहू लागली.

शीतलने विचारले, “आजी, शुक्राचं आणि योगिताचं लग्न कुणी लावलं?”

“मी.”

“शुक्राचं आणि काळीचं?”

“ते लागलंच नाय. चौक लिवला नाय, मांडव घातला नाय, मी गायले नाय. मी गायल्याबिगर त्या पाड्यात लगीन कसं लागेल?”

“दुसऱ्या कुणी भटजीने लावलं असेल,” काळीचा वकील उठला.

“भटाला आमची गानी येतात का?”

कोर्टात हसू उसळले. शिपायाने शांत राहायला सांगितले, तोही हसत होता. वकील रागावला. “म्हणजे नऊ वर्षं हे दोघे लग्नाशिवाय राहत होते? आणि तुम्हा लोकांना त्यात काही वाटलं नाही?”

“काय वाटायचं? माझं लगीन माझ्या पोराच्या मांडवात लागलं. तवा मला चार नातवंडं झाली व्हती. तुझं लगीन लागलं काय रे, भाऊ?”

दंडाधिकाऱ्यांनी हसू आवरून विचारले, “म्हणजे काळी ही शुक्राची बायको नव्हती, असं तुमचं म्हणणं आहे?”

“असं कसं? बायको व्हती,” लाडकी म्हणाली. “लगीन नव्हतं.”

दंडाधिकारी लघुलेखिकेकडे वळले आणि त्यांनी सांगितले, “लिहा. आरोपी व फिर्यादी यांचा विवाह कोणत्याही विधीने झाला नव्हता.” वाक्याचा दुसरा अर्धा भाग कागदावर आला. पहिला हवेतच राहिला. मी शीतलकडे पाहिले. तिने तो ऐकला होता. तिने मान खाली घातली आणि फाईल चाळली. तो नोंदवायला सांगणे तिच्या अशिलाच्या हिताचे नव्हते. ती चांगली वकील आहे.

महिन्याभराने निकाल लागला. योगिता तान्ह्या मुलीला घेऊन आली होती. फिर्यादी ही आरोपीची विवाहित पत्नी असल्याचे शाबीत होत नाही, सबब आरोपीस निर्दोष मुक्त करण्यात येते. शुक्राला ते दोनदा सांगावे लागले. मग तो हात जोडून चहूकडे वळला. दंडाधिकाऱ्यांना, शिपायाला, भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा. जतीन पुढे येऊन त्याचा हात हलवू लागला, जणू हे यश त्याने पेरले होते. एका परीने पेरले होतेच. मी त्याच्याविरुद्ध वकिलांच्या परिषदेकडे सविस्तर तक्रार केली आहे. तिला पोच मिळाली आहे आणि पोचेपलीकडे काही नाही.

बाहेर ओसरीत काळीने शीतलला अडवले. “ताई, साहेबानी काय लिवलं?”

शीतलने सोप्या शब्दांत सांगितले. कायद्याच्या भाषेत ते बरे वाटते. सोप्या शब्दांत ते फार उघडे पडले.

“म्हंजे मी त्याची बायको नव्हते?”

“कायद्याच्या दृष्टीने, ताई...”

“मंग नऊ वर्सं मी त्याच्या घरात कोन व्हते?” काळीचा आवाज चढला नाही. “पानी कुनी भरलं? त्याची आय मेली तवा तिला आंघोळ कुनी घातली? पंचांनी काडी मोडली ती कुनाची?”

“अगं बाई, केस संपली. जा घरी,” जतीन म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ती शुक्राकडे पाहत होती.

शुक्रा वळला आणि पुन्हा कोर्टात शिरला. आत पुढच्या प्रकरणाचा पुकारा चालू होता. तो सरळ आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. वीस वर्षांत मी त्याला न बोलावता कुठे जाताना पाहिले नव्हते.

“साहेब,” तो म्हणाला, “काळी माझी बायको व्हती.”

कारकून हसला. शीतल धावली. दंडाधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. “तुम्हाला सोडलं आहे. समजलं ना? निर्दोष. जा आता.”

“सोडलं ते बरं झालं, साहेब. पन ती बायको व्हती. तेवढं लिवा.”

“निकालावर सही झाली आहे. आता त्यात काही घालता येत नाही. हरकत असेल तर वर अपील करा.”

निर्दोष सुटलेल्या माणसाने, आपण ज्या कारणाने सुटलो त्या कारणाविरुद्ध अपील करावे, अशी तरतूद असलेले कलम मी नंतर शोधले. मला सापडले नाही. विधिमंडळांत जे बसतात त्यांना अशी गरज कुणाला भासेल हे सुचले नसावे, आणि सुचले असते तरी त्यांनी ते हसण्यावारी नेले असते.

शिपायाने शुक्राचा दंड धरला. तो हलला नाही. “लिवा ना, साहेब,” एवढेच म्हणत राहिला, कोणावर न रागावता, जणू समोरचा माणूस केवळ विसरला होता. कोर्टातले लोक आता उघड हसत होते. पुढच्या प्रकरणाचे पक्षकार वैतागले होते. अखेर दारातून काळी आत आली. शिपाई तिलाही थांबवायला गेला, पण ती त्याच्या हाताखालून पुढे झाली आणि पिंजऱ्याशी उभी राहिली.

“झालं, ऐकलं मी,” ती शुक्राला म्हणाली. “चल भायेर. तुझी लेक रडते हाय.”